संध्याकाळचा धूमकेतू बघणं आणि टिपणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्यास्तानंतर पश्चिमेला धूमकेतू दिसणार अशी बातमी आली की हे प्रश्न हमखास येतात. आधी बघण्याचे, मग कॅमेऱ्याचे आणि शेवटी गोंधळात टाकणारे, असा क्रम ठेवला आहे. एखाद्या मुद्द्याचा तपशील दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. धूमकेतू आकाशातून सर्रकन जाताना दिसतो का?

नाही. सर्रकन जाते ती उल्का. ती आपल्याच वातावरणात, साधारण १०० किलोमीटर उंचीवर जळते आणि सेकंदभरात संपते. धूमकेतू कोट्यवधी किलोमीटर दूर असतो. तो ताऱ्यांमध्ये जागच्या जागी दिसतो आणि त्यांच्याबरोबरच मावळतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिलं तर तो ताऱ्यांच्या तुलनेत एखाद-दोन अंश सरकलेला असतो, पृथ्वीच्या जवळून जात असेल तर त्याहून बराच जास्त.

२. नेमकं किती वाजता बघायचं? सूर्य मावळल्या मावळल्या की पूर्ण अंधार पडल्यावर?

दोन्हींच्या मधे. संध्याकाळच्या धूमकेतूची सगळी गोम इथेच आहे.

समजा, धूमकेतू सूर्याच्या सरळ वर २० अंशांवर आहे. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की धूमकेतू १४ अंश वर असतो, पण आकाश अजून उजळ असतं. सूर्य १२ अंश खाली गेला की आकाश चांगलं काळवंडतं, पण धूमकेतू ८ अंशांवर उतरलेला असतो. १८ अंश खाली, म्हणजे खरा अंधार पडतो तेव्हा धूमकेतू जेमतेम २ अंशांवर, धुरकटात बुडालेला. अंधार आणि उंची या दोन्ही गोष्टी एकदम मिळतच नाहीत. एक वाढली की दुसरी तेवढीच घटते.

अशा धूमकेतूसाठी सूर्य ८ ते १४ अंश खाली असतानाचा काळ सगळ्यात कामाचा. विषुववृत्ताजवळ सूर्य साधारण ४ मिनिटांत १ अंश खाली जातो, म्हणजे हाताशी मिळतात २५ मिनिटं. ५० अक्षांशाजवळ सूर्य तिरका मावळतो, १ अंशाला ६ मिनिटांहून जास्त लागतात, त्यामुळे हाच काळ लांबतो. धूमकेतू सूर्यापासून ४० अंश दूर गेला असेल तर ही घाई उरत नाही, पूर्ण अंधाराची वाट बघा.

उंची मोजायला हात पुरतो. हात ताठ पुढे धरला की करंगळीची रुंदी सुमारे १ अंश आणि बंद मुठीची सुमारे १० अंश भरते. जागा आदल्या दिवशीच जाऊन बघा. सूर्य मावळतो त्या दिशेला क्षितिजापासून अर्ध्या मुठीपर्यंतही झाड, इमारत, डोंगर नको. भारी लेन्स घेऊन चुकीच्या गच्चीवर उभं राहण्यापेक्षा साधा कॅमेरा आणि मोकळं क्षितिज केव्हाही बरं.

३. ॲप दाखवतं तिथे काहीच दिसत नाही. चूक कोणाची?

आधी ॲपमधली धूमकेतूची माहिती कधीची आहे ते बघा. धूमकेतूची कक्षा नव्या निरीक्षणांनुसार सुधारत राहते. ॲपमध्ये जुनी कक्षा असेल तर तो थोडा भलतीकडे दाखवला जातो. धूमकेतू-लघुग्रहांच्या कक्षांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडून ताजी कक्षा उतरवून घ्या. स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सूर्यमालेच्या संपादकातून भरता येते. नासाच्या जेपीएल होरायझन्स या संकेतस्थळावर तुमचं ठिकाण आणि वेळ दिली की थेट उंची आणि दिशा मिळते. मोबाइलचं होकायंत्रही लोखंडी कठड्याजवळ सहज १०-१५ अंश चुकतं, म्हणून दिशा ॲपच्या बाणावरून न घेता शुक्र किंवा एखाद्या ओळखीच्या ताऱ्यावरून लावा.

हे सगळं बरोबर असूनही दिसला नाही तर बहुधा दोष हवेचा. १० अंश उंचीवरून येणारा प्रकाश डोक्यावरच्या मानाने साडेपाच पट हवेतून येतो आणि स्वच्छ हवेतही सुमारे एक प्रत (तेजाचं माप, प्रश्न ४ बघा) गमावतो. ५ अंशांवर हे नुकसान दोन प्रतींच्या आसपास जातं. धुरकं असेल तर मोजदादच नाही.

४. दृश्यप्रत ४ आहे म्हणतात, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी सहज दिसायला हवा ना?

सहज नाही. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला असतो, धूमकेतूचा पसरलेला. बातमीत येतो तो आकडा हा सगळा पसरलेला प्रकाश एकत्र धरून काढलेला असतो. देवयानी दीर्घिकेची प्रत ३.४ आहे, तरी गावाच्या दिव्यांत ती नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. धूमकेतूचं तसंच. ढोबळ अंदाज असा: प्रत १ किंवा त्याहून तेजस्वी असेल तर संधिप्रकाशातही दिसेल, २ ते ४ असेल तर अंधारी जागा लागेल, ५ च्या पुढे बायनॉक्युलर धराच. प्रतीचा आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी, हे नवख्यांनी लक्षात ठेवावं.

५. टेलिस्कोप नाही. काय वापरू?

७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर. यातून ६-७ अंशांचं आकाश एका वेळी दिसतं आणि धूमकेतूला रुंद आकाशच लागतं. टेलिस्कोपमध्ये डोकं छान दिसतं, पण शेपटी चौकटीबाहेर जाते.

एक गोष्ट कृपा करून पाळा: सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय बायनॉक्युलर, टेलिस्कोप किंवा कॅमेऱ्याचा जुना काचेचा व्ह्यूफाइंडर त्या दिशेला लावू नका. धूमकेतू शोधताना नजर क्षितिजालगतच फिरत असते. क्षणभर जरी सूर्य भिंगात आला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

६. बायनॉक्युलरमधून शोधायचा कसा, आणि तो ओळखायचा कसा?

आधी एखाद्या ताऱ्यावर किंवा ग्रहावर फोकस पक्का करा, मग त्या चाकाला हात लावू नका. क्षितिजालगत डावीकडून उजवीकडे हळू सरका, मग अर्धं क्षेत्र वर उचलून उलटे या. शेतात नांगर फिरतो तसं. कोपरं कठड्यावर टेकवली तर हात थरथरत नाहीत.

सगळे तारे टाचणीच्या टोकासारखे असताना मधेच एक ठिपका असा येतो की त्याचा फोकस जमलाच नाही असं वाटतं. चाक फिरवावंसं वाटतं, पण शेजारचा तारा तर लख्ख आहे. तोच धूमकेतू. आता दहा-पंधरा सेकंद त्याच्यावरच थांबा. मधे दाट, कडेला विरत जाणारा गोळा दिसेल आणि मग त्याच्या वरच्या अंगाला आकाश किंचित उजळ असल्याचं जाणवेल. ती शेपटी. तिच्याकडे थेट न बघता नजर थोडी बाजूला ठेवा. डोळ्याच्या कडेचा भाग मंद उजेड जास्त चांगला टिपतो. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, मोबाइलचा पांढरा पडदा ती एका क्षणात घालवतो. मंद लाल उजेड चालतो.

७. शेपटी वरच्या बाजूला का असते? धूमकेतू खाली पडतोय का?

शेपटी नेहमी साधारण सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. सूर्य क्षितिजाखाली, म्हणून शेपटी वर. धूमकेतू कुठे चालला आहे याचा तिच्याशी संबंध नाही. सूर्यापासून दूर जाताना तो शेपटी पुढे करूनच जातो.

शेपट्या दोन असतात. धुळीची शेपटी पिवळसर, रुंद, थोडी वाकडी. ती सूर्याचाच प्रकाश परावर्तित करते. वायूची शेपटी निळसर, बारीक आणि सरळ. सौरवारा आयनांना ढकलत नेतो आणि त्यातले कार्बन मोनॉक्साइडचे आयन निळे चमकतात. १९९७ च्या हेल-बॉप धूमकेतूत या दोन्ही फार सुरेख वेगळ्या दिसत होत्या. निळी शेपटी डोळ्यांना क्वचितच जाणवते, कॅमेऱ्यात येते.

८. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?

प्रत २-३ पर्यंतचा धूमकेतू जमतो, मात्र मोबाइल ट्रायपॉडवर किंवा विटेला टेकवून अगदी स्थिर हवा. मुख्य १एक्स कॅमेराच वापरा. टेलिफोटोची भिंगं सहसा लहान छिद्राची असतात, आणि अंधारात बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतात. फ्लॅश बंद, टायमर ३ सेकंद, फोकस अनंतावर. नाइट मोडला फोन स्थिर असल्याचं कळलं तर तो आपोआप जास्त वेळ उघडा राहतो. प्रो मोड असेल तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० ते १६०० आणि ४ ते ८ सेकंदांपासून सुरुवात करा. एकाच जागी दहा-वीस फोटो काढा आणि जमल्यास रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये ठेवा. प्रश्न १३ मधली युक्ती मोबाइललाही लागू पडते.

९. कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवू?

मॅन्युअल मोड, रॉ, ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर किंवा रिमोट. ट्रायपॉडवर लेन्समधलं स्थिरीकरण बंद करा. काही लेन्स स्थिर असताना स्वतःच हलतात. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडाचा ठेवा.

सुरुवातीचे आकडे एफ/२.८ (लेन्सच्या छिद्राचं माप) धरून: सूर्य ६ अंश खाली असताना आयएसओ ४०० आणि अर्धा ते १ सेकंद, १० अंशांवर आयएसओ ८०० ते १६०० आणि २ ते ४ सेकंद, पुढच्या अंधारात आयएसओ १६०० ते ३२०० आणि वेळ प्रश्न १२ प्रमाणे. संधिप्रकाश दर दोन-तीन मिनिटांनी बदलतो, म्हणून आकड्यांपेक्षा हिस्टोग्रामवर (फोटोतला उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) विश्वास ठेवा. आकाशाचा उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. डाव्या भिंतीला चिकटला तर शेपटी कायमची गेली, नंतर कितीही उजळ केलं तरी नुसते दाणे येतील.

लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ झाकलेला फोटो काढतो आणि तुमच्या २५ मिनिटांतली निम्मी तिथेच जातात.

१०. लेन्स कोणती?

शेपटीच्या लांबीवर ठरवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स सुमारे ४०×२७ अंश पकडते, १३५ मिमी १५×१० आणि ३०० मिमी ७×४.५. झाडं-डोंगरांसह धूमकेतू हवा असेल तर ५० ते १३५, नुसतं डोकं आणि शेपटीचं मूळ हवं असेल तर २०० च्या पुढे. एकच घ्यायची तर आमचं मत ८५ किंवा १३५ च्या बाजूने. २४ मिमीमध्ये धूमकेतू एवढासा येतो की फोटोत कुठे आहे ते बोटाने दाखवावं लागतं.

११. सगळे तारे फुगीर येतात. लेन्स अनंताच्या खुणेवर तर ठेवली होती.

ती खूण विश्वासाची नसते. बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्या पुढेही फिरतात. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये शुक्र किंवा तेजस्वी तारा १० पट मोठा करा आणि रिंग केसभर केसभर फिरवा. ताऱ्याचा गोळा लहान होत जातो. अलीकडे असताना त्याच्या कडेला जांभळट झाक असते, पलीकडे गेलात की हिरवट, किंवा लेन्सप्रमाणे याच्या उलट. झाक जिथे नाहीशी होते आणि आजूबाजूला आधी न दिसणारे बारीक तारे उमटतात, तिथे थांबा. एकदा मुद्दाम पुढे जाऊन परत या, म्हणजे खात्री पटते. रिंगवर चिकटपट्टी लावा. हवा गार होत गेली की फोकस सरकतो, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा तपासा.

तारे मधे टोकदार आणि कोपऱ्यात पंख पसरलेल्या पाखरासारखे असतील तर तो फोकसचा दोष नाही. एफ/१.८ वरून एफ/२.८ वर या.

फोटो हळूहळू धूसर होत गेले तर लेन्सवर दव धरलंय. पुसू नका, पुन्हा धरतं. लेन्सभोवती हीटरचा पट्टा लावा आणि हूड चढवूनच ठेवा.

१२. किती सेकंद उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात? ५०० चा नियम बरोबर आहे का?

५०० ला लेन्सच्या मिमीने भागायचं, हा नियम आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांना सैल पडतो. हिशेब करून बघा. ४ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५० मिमी लेन्स असेल तर एक पिक्सेल सुमारे १६.५ विकला (१ विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आकाश व्यापतो. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. नियमाप्रमाणे १० सेकंद ठेवले तर तारा ९ पिक्सेल ओढला जातो; मोठा करून बघितला की रेघ स्पष्ट दिसते. म्हणून ५०० ऐवजी २५० ते ३०० घ्या: ५० मिमीला ५-६ सेकंद, १३५ मिमीला २ सेकंद. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असेल तर आधी मिमीला १.५ ने गुणा.

ताऱ्यांचा पाठलाग करणारा ट्रॅकर असेल तर ३० ते ६० सेकंदही चालतात, पण मग जमीन पुसट होते. तिच्यासाठी ट्रॅकर थांबवून वेगळा फोटो घ्या. असे दोन फोटो जोडले असतील तर ते लिहून टाकावं; बघणाऱ्याला एका क्षणाचं दृश्य वाटू देणं बरोबर नाही.

१३. पुष्कळ फोटो एकत्र केले तर धूमकेतू लांबट झाला. का?

कारण तुम्ही ताऱ्यांवर जुळवणी केलीत आणि धूमकेतू मधल्या काळात सरकला. रोज २ अंश सरकणारा धूमकेतू मिनिटाला ५ विकला जातो. प्रश्न १२ मधल्याच कॅमेऱ्यावर १३५ मिमीने १० मिनिटांत हे ८ पिक्सेल होतात, ३०० मिमीने १८.

उपाय असा की तेच फोटो दोनदा जोडायचे, एकदा ताऱ्यांवर आणि एकदा धूमकेतूच्या डोक्यावर, मग दोन्ही चित्रं एकत्र करायची. डीपस्कायस्टॅकरमध्ये तारे, धूमकेतू आणि दोन्ही अशा तिन्ही पद्धती आहेत. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत डोक्यावर अचूक खूण करा आणि फोटोंच्या वेळा बरोबर आहेत ना ते बघा. सिरिलमध्येही धूमकेतूची वेगळी जुळवणी आहे. जमीन असलेल्या फोटोंना सिक्वेटर सोपं पडतं.

फायदा वर्गमुळाने वाढतो: १६ फोटोंनी दाणे चौपट कमी होतात, त्यापुढे दुप्पट सुधारणेला ६४ लागतात. सोबत झाकण लावून त्याच आयएसओला आणि तेवढ्याच वेळेचे १५-२० डार्क घ्या. फोकस आणि छिद्र न बदलता, एकसारख्या उजेडाच्या पांढऱ्या कापडावर तेवढेच फ्लॅटही घ्या. संध्याकाळच्या आकाशात खालून वर उजेड बदलत जातो. फ्लॅट नसतील तर लेन्सच्या काळ्या कडा कुठल्या आणि शेपटी कुठली, हे वेगळं काढता येत नाही.

१४. फोटोत हिरवा, डोळ्यांना राखाडी. रंग खोटा आहे का?

रंग खरा आहे. डोक्यातला दोन अणूंचा कार्बन सूर्यप्रकाशाने हिरवा चमकतो. मंद उजेडात डोळ्यांना रंग कळत नाही, एवढंच. हाच रेणू सूर्यप्रकाशात लवकर तुटतो, शेपटीपर्यंत पोचतच नाही. म्हणून डोकं हिरवं असतं, शेपटी हिरवी कधीच नसते. फोटोत शेपटीही हिरवी आली असेल तर रंग जास्त ओढला गेला आहे.

१५. शहरातून दिव्यांचा उजेड कापणारा फिल्टर उपयोगी पडेल का? आणि चंद्र असेल तर?

धुळीच्या शेपटीला फिल्टरचा फारसा उपयोग नाही. ती सगळ्या रंगांचा सूर्यप्रकाश परत पाठवते, आकाशाबरोबर तीही कापली जाते. वायूने भरलेल्या धूमकेतूला ५११ ते ५१४ नॅनोमीटरजवळचा प्रकाश सोडणारा स्वान बँड फिल्टर मदत करतो, तोही डोक्यापुरता. चतुर्थी-पंचमीपर्यंतची कोर सहन होते, कधी जमिनीवर छान उजेडही पाडते. पौर्णिमेच्या आसपास शेपटी विसरा.

१६. क्षितिजाजवळ लांब सोनेरी शेपटी दिसली. तोच का?

दोन मिनिटं थांबा. सरकला, वाकला किंवा विरला तर विमानाच्या धुराची रेघ, जिला मावळलेल्या सूर्याचा उजेड लागलाय. फोटोतच दिसणारा हिरवट ठिपका असेल तर कॅमेरा थोडा वळवून पुन्हा फोटो काढा. धूमकेतू ताऱ्यांबरोबर राहतो, दिव्याचं लेन्समधलं प्रतिबिंब जागा बदलतं.

१७. शेपटी सूर्याच्या दिशेलाही दिसते आहे. हे कसं शक्य आहे?

याला प्रतिपुच्छ म्हणतात. धूमकेतूने मागे टाकलेली जाड धूळ त्याच्या कक्षेच्या प्रतलात पातळ थरासारखी पसरलेली असते. पृथ्वी ते प्रतल ओलांडते तेव्हा हा थर आपल्याला कडेने दिसतो आणि सूर्याकडे रोखलेल्या सुईसारखा भासतो. २०२४ मध्ये सी/२०२३ ए३ त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतूला १४ ऑक्टोबरच्या सुमारास अशी सुई फुटली होती. हा योग थोड्या दिवसांचा असतो. तेव्हा फोटोत डोक्याच्या खाली, सूर्याच्या बाजूलाही मोकळी जागा ठेवा.

१८. भाकीत एवढं मोठं होतं, मग फुसका का निघाला?

धूमकेतूचं तेज त्याच्या गाभ्यातून किती बर्फ आणि धूळ सुटते यावर ठरतं आणि ते आधी सांगणं कठीण. आयसॉन धूमकेतू २८ नोव्हेंबर २०१३ ला सूर्याजवळून जाताना विखुरला. उलट १७पी/होम्स ऑक्टोबर २००७ मध्ये दोन दिवसांच्या आत १७ च्या आसपासच्या प्रतीवरून २.८ वर आला, म्हणजे काही लाख पटींनी उजळला. कधी धूमकेतू पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला येतो, तेव्हा त्याची धूळ प्रकाश पुढे फेकते आणि तो काही दिवस अपेक्षेपेक्षा तेजस्वी होतो. त्सुचिनशान-ॲटलासचं २०२४ मध्ये ९ ऑक्टोबरच्या आसपास तसंच झालं. डोकं लांबट होत गेलं आणि मधला दाट ठिपका नाहीसा झाला तर गाभा फुटत असल्याची शंका घ्या. जुन्या भाकितापेक्षा कॉब्ससारख्या धूमकेतू-निरीक्षणांच्या संग्रहातली गेल्या दोन-तीन दिवसांची निरीक्षणं बघून निघा.

१९. तेज मला स्वतः मोजता येईल का? त्याचा कोणाला उपयोग होतो?

येईल, आणि होतो. डोळ्यांनी केलेली अशी निरीक्षणं धूमकेतूंच्या तेजाच्या आलेखात आजही घेतली जातात.

धूमकेतू नीट फोकसमध्ये बघून त्याचा आकार आणि उजेड लक्षात ठेवा. मग बायनॉक्युलरचा फोकस बिघडवा, तारे फुगून तेवढ्याच आकाराचे होईपर्यंत. धूमकेतूपेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तारे निवडा. समजा त्यांच्या प्रती ४.२ आणि ५.० आहेत आणि धूमकेतू बरोबर मधे वाटला, तर त्याची प्रत ४.६. तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे घ्या; वरचे घेतलेत तर प्रश्न ३ मधला हवेचा फरक हिशेबात शिरतो.

नोंदीत तारीख आणि वेळ जागतिक वेळेत (यूटी) लिहा. उपकरण, प्रत, तुलनेच्या ताऱ्यांची यादी, डोक्याचा व्यास कलांमध्ये (१ कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग), दाटपणा ० ते ९ या मापात, शेपटीची लांबी आणि दिशा हेही टिपा. दिसला नाही तर तेही लिहा, सोबत त्या जागी दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत. फुटत चाललेल्या धूमकेतूच्या बाबतीत ‘दिसला नाही’ हीच कित्येकदा सगळ्यात मोलाची नोंद असते.